घमेल्यातली माती

मुसलमान शुक्रवार सोडला तर अंघोळ करत नाहीत, असा आमच्या गल्लीचा ठाम समज होता. आणि ते दिवसातून पाच वेळा हातपाय धूत बसतात म्हणून पाणी सगळ्यात जास्त त्यांनाच लागतं, हा दुसरा समजही तितकाच ठाम होता. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या तोंडून, एकाच दमात निघायच्या आणि त्यात काही विसंगत आहे असं कुणालाच वाटायचं नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पोरांच्या वहीत अशी दोन वाक्यं शेजारी शेजारी दिसली असती तर मी लाल शाईनं गोल केला असता. टँकरच्या पाइपाशी मात्र मीही बाकीच्या बायकांसारखी 'हो ना, हो ना' म्हणत होते.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आमची गल्ली मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडे, जिथं काही वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी पिकत होती त्या रानात. गुंठेवारीचे प्लॉट, म्हणजे शेताचे तुकडे पाडून विकलेले. घरं पक्की आणि कागद कच्चे. शहर त्या बाजूला सुसाट सुटलं होतं, पण महापालिकेची पाण्याची लाइन आमच्यापर्यंत येणार येणार म्हणता म्हणता कुठंतरी अडकून पडली होती. अकरा घरांत मिळून एक बोअर आणि एक हौद. ही सगळी जमीन मुळात ज्यांची होती आणि बोअर ज्यांच्या दारात होती ते गृहस्थ आपोआप गल्लीचे अध्यक्ष झाले होते. हौदातून निघालेल्या पाइपाला प्रत्येक घरासमोर एक व्हॉल्व्ह होता आणि तो फिरवायची लांब लोखंडी चावी माझ्याकडे होती. बाई शाळेतल्या आहेत, वेळेच्या पक्क्या आहेत, कुणाला भीक घालायच्या नाहीत, असं म्हणून एकमतानं दिली होती. एका घराला दहा मिनिटं, की बंद. मी मनगटावरचं घड्याळ बघत गल्लीभर ती चावी घेऊन फिरायचे आणि म्हातारी माणसंसुद्धा माझ्याशी अदबीनं बोलायची. त्या चावीचा मला केवढा तोरा होता ते आता लिहायलाही लाज वाटते.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलेलं, शहरातल्या नळवाल्यांनाच आठ-आठ दिवस पाणी नाही, तर आम्हाला कोण विचारतो. बोअर कधी ओकायची, कधी नुसती हवा सोडायची. हौद टँकरनं भरायचा आणि टँकर कधी येईल ते टँकरवाल्याच्या मर्जीवर.

डावीकडच्या चौथ्या घरात ते मुसलमान कुटुंब राहायला आलं होतं दुष्काळाच्या जरा आधी. आधीच्या मालकानं कुणाला न विचारता घर विकलं म्हणून गल्ली त्याच्यावर दातओठ खात होती. घरात तीन माणसं. नवरा बीड बायपासच्या नव्या टॉवरवर गवंडी, बायको, जिला सगळे भाभी म्हणायचे, घरात शिलाई करायची आणि नवऱ्याची आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. मुसलमानाला चार बायका असतात हे तर सगळ्यांना ठाऊकच होतं, म्हणून उरलेल्या तीन कधी येतात याची गल्लीनं सहा महिने वाट पाहिली. एकही आली नाही, तेव्हा त्या गावी ठेवल्या असतील असं ठरलं. पहिल्या कोरड्या पावसाळ्यात रमजान आला. रोज्यात हे लोक थुंकीसुद्धा गिळत नाहीत, असं अध्यक्षीणबाईंनी जाहीर केलं. एक दिवस त्या भाभीनं सुईत ओवायला दोऱ्याचं टोक ओठात धरलेलं कुणीतरी खिडकीतून पाहिलं आणि 'रोजा मोडला, रोजा मोडला' म्हणून दारात जाऊन सांगितलं. भाभी मशीनवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "माझा रोजा, माझी थुंकी. तुम्ही कायला पहारा देता?"

अशी ती फटकळ. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. ती मुसलमान होती म्हणून नव्हे, असं मी स्वतःला सांगायचे. खरं कारण सांगायला मला वीस वर्षं मास्तरकी करूनही धाडस होत नव्हतं. मी सोयगावची. वडील तहसीलीत कारकून. लग्न होऊन शहरात आल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर गावची बोली तोंडातून खरवडून काढली. 'लई' गेलं, 'व्हय' गेलं, मी पुस्तकातल्यासारखं बोलायला लागले. आणि ही बाई पहिल्याच भेटीत मला म्हणाली, "तुम्ही सोयगावच्या? या बया! मी बी सोयगावचीच की. माझा बाप बाजारात हमाल होता. म्हंजे आपण माहेरकडच्या."

तिचं बोलणं ऐकून अध्यक्षीणबाई थक्क झाल्या. मुसलमान घरात उर्दूच बोलतात अशी त्यांची समजूत. मला मात्र चारचौघीत कुणीतरी पदर ओढल्यासारखं झालं. माझी टाकून दिलेली भाषा ती खुशाल तोंडात घेऊन मिरवत होती आणि वर मला माहेरकडची म्हणत होती.

नंतर ब्लाउजवरून वाजलं. मी तिला दोन ब्लाउज शिवायला दिले, ते दंडात काचले. मी तक्रार केली तर तिच्या घरी आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "माप जुन्या ब्लाउजचं दिलं तुम्ही, अन् दंड नवे आणले." गिऱ्हाइकं खो खो हसली. मी ब्लाउज उचलून घरी आले आणि त्या दिवसापासून तिच्या घराच्या व्हॉल्व्हला मी दहाव्या मिनिटाच्या ठोक्याला हात घालू लागले. इतरांना अर्धं-पाऊण मिनिट इकडेतिकडे चालायचं. तिला नाही.

मे महिन्यातला शनिवार होता. शाळेला सुट्टी लागली होती. जेवण उरकलं आणि चार-साडेचारला गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या हलवायला गेले. भाभीची गच्ची आमच्यापासून दोन घरं सोडून, पण आमच्याहून खाली, त्यामुळे वरून सगळी दिसायची. ती जिन्याच्या खोलीच्या सावलीत बसली होती. पुढ्यात नवऱ्याच्या कामावरचं लोखंडी घमेलं, त्यात माती. तिनं डोळे मिटले, ओठ हलले. दोन्ही तळवे मातीवर मारले, झटकले आणि सगळ्या तोंडावरून फिरवले. परत मारले, झटकले आणि एका हातानं दुसरा हात कोपरापर्यंत पुसला, मग तो हात यानं. पाण्यानं धुवावं तसं, पण पाणी नाही. नुसती माती.

मी पोरांना शिकवत होते की भानामती नसते, करणी नसते, असं काही कुणी सांगितलं तर घाबरायचं नाही आणि पसरवायचंही नाही. फळ्यावर लिहून द्यायचे, दहा वेळा लिहून आणा म्हणायचे. आणि मी जिना उतरून खाली आले ती थेट सासूबाईंसमोर. म्हटलं, "ती चौथ्या घरातली बाई गच्चीवर मातीत हात मारून काहीतरी पुटपुटतेय. बोअरकडे तोंड करून."

सासूबाईंचं सोवळं-ओवळं मोठं कडक. त्या दुष्काळातही त्यांना पूजेआधी दोन बादल्या लागायच्या, बाहेरून आलेली भाजीची पिशवीसुद्धा त्या ओली केल्याशिवाय आत घ्यायच्या नाहीत. त्या पाण्याबद्दल घरात अवाक्षर काढायची कुणाची टाप नव्हती. त्यांनी मांडीवरची पोथी मिटली आणि 'भानामती' हा शब्द त्यांनीच पहिल्यांदा उच्चारला. मी तो खोडला नाही. संध्याकाळी टँकर आला तेव्हा बायकांना सांगताना तो शब्द मी स्वतःच्या तोंडानं सांगितला. सांगताना मजा आली, हे कबूल करते. आठ बायका तोंडाचा आ वासून ऐकत होत्या आणि मी हातवारे करून तळवे कसे मारले ते दाखवत होते.

एकीनं शंका काढली, "नमाजाचं काही असंल का?"

अध्यक्षीणबाईंनी तिला उडवून लावलं. "बायकांना नसतो नमाज त्यांच्यात. मशिदीत कधी बाई गेलेली पाहिलीस? अन् नमाजाला पाण्यानं हातपाय धुत्यात, मातीनं नाय."

सगळ्यांना पटलं. चार दिवसांनी बोअर बंद पडली. आजूबाजूच्या तीन गल्ल्यांतल्या बोअर त्याच महिन्यात आटल्या होत्या, आमच्याहून खोल होत्या त्याही. पण आमची बोअर घमेल्यातल्या मातीनं आटली हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट झालं. अध्यक्षांनी निरोप फिरवला की रविवारी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बैठक आहे आणि चौथ्या घराची लाइन बंद करायची की नाही ते ठरवायचं आहे. टँकर हौदात रिता व्हायचा, त्यामुळे लाइन बंद म्हणजे पाणी बंद. भर मेमध्ये, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असताना.

गुरुवारी दुपारी भाभी आमच्या दारात आली. कडेवर तेच घमेलं. तिनं ते आमच्या ओट्यावर दाणकन ठेवलं.

"घाला हात," ती म्हणाली.

आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, आत घेऊ नकोस ते!"

"आत नाय आणत, आजी. भिऊ नका." मग माझ्याकडे वळून, "घाला की. काय चावतं का बघा. चाळलेली माती हाय. नमाजाआधी हात-तोंड धुतो त्याला वजू म्हणत्यात. पाणी नसलं, नायतर पिण्यापुरतंच असलं, की पाक, स्वच्छ मातीवर हात मारायचे अन् तोंड-हात पुसायचे. झाला वजू. तयम्मुम म्हणत्यात. आमच्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं."

मी म्हटलं, "मग हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलं? तुम्ही येऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही टँकरवर सांगत बसल्या." तिचा आवाज चढला. "सासू माझी पडून हाय. तिचं पुसायचं, तिचं धुवायचं, तिला पाजायचं. तुमच्या दहा मिनिटांत किती येतं ते तुम्हालाच ठाऊक, तुम्ही तर सेकंद मोजता माझ्या दारात. त्या पाण्यानं पाच वेळा वजू करू का तिचा घसा ओला करू? माझा मालक दिवसभर टॉवरच्या काँक्रीटला पाणी मारतो. काँक्रीट तडकू नये म्हणून. अन् घरी येऊन मातीनं तोंड पुसतो. पाण्याचं लई लागतं म्हणता ना आम्हाला?"

आमच्या घरात त्या सकाळी भाजीची पिशवी दोनदा ओली झाली होती.

"बोअरकडं तोंड होतं म्हणे माझं," ती पुढं म्हणाली. "पश्चिमेकडं होतं. मक्का कुणीकडं हाय ते शाळेत शिकवत नाय का? अन् घरात एका खोलीत आजारी माणूस, त्या घाणीत उभी कशी राहू, म्हणून गच्चीवर जाते. बरं, हात झटकल्यावर मी जानमाज अंथरली. उभी राहिले, वाकले, कपाळ टेकलं. ते बी दिसलं असंल की तुम्हाला. तुमच्या गच्चीवरून माझी गच्ची ताटासारखी दिसती."

दिसलं होतं.

इथंच सगळं आहे, म्हणून नीट लिहिते. मी तिला नमाजाला उभं राहिलेलं पाहिलं होतं. मिरच्या हलवायच्या राहू देऊन, कठड्याला टेकून, शेवटपर्यंत पाहिलं होतं. ती प्रार्थना करतेय हे मला त्याच क्षणी कळलं होतं, कुणालाही कळलं असतं. खाली येऊन सांगताना मी तेवढा भाग गाळला. तो सांगितला असता तर गोष्टीत काही उरलंच नसतं. अज्ञान असलं तर माणसाला माफी मिळते, मी पोरांना नेहमी माफ करायचे. माझं अज्ञान नव्हतं. माझ्या जाड दंडांवरून तिनं माझं हसं केलं होतं आणि आठ बायका मला ऐकत होत्या, एवढंच कारण होतं.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"मला माफी नको," ती म्हणाली. "माफी घेऊन मी काय करू, हंड्यात भरू? जिथं बोलल्या तिथंच बोला. रविवारी बोला." घमेलं उचलून ती गेली. ओट्यावर मातीचा गोल उमटला होता, तो सासूबाईंनी मला तांब्याभर पाण्यानं धुवायला लावला. मी धुतला.

शनिवारी संध्याकाळी मी अध्यक्षांकडे गेले. वाटलं, यांना आधी समजावून सांगू, म्हणजे बैठकीत सोपं जाईल. ते पलंगावर बसून पान लावत होते. मी तयम्मुमचं सगळं सांगितलं, मोठ्या उत्साहानं, नवा धडा शिकून आल्यासारखं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला काय सांगता, बाई? ह्याच रानात आमच्याकडं त्यांच्यातले दोन सालगडी होते, बापाच्या वक्ताला. विहीर लांब पडायची. बांधावरच मातीत हात मारायचे अन् नमाज पढायचे. लहानपणापासून बघतोय मी."

मी विचारलं, "मग तुम्ही त्या दिवशीच बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलल्या होत्या ना. तुम्ही शिकलेल्या. तुमचं लोक ऐकत्यात." पानाला चुना लावता लावता ते म्हणाले, "हे बघा, बोअर गेली. टँकर तेवढाच येणार. अकरा घरांत दहा मिनिटं येतंय, दहा घरांत अकरा येईल. साधा हिशोब हाय. मी कुणाला मारा म्हणलं का? झोडा म्हणलं का? त्यांचे त्यांचे लोक हायेत शहरात, जातील तिकडं."

"पण हे खोटं आहे."

"खोटं कुणी आणलं?" असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू आता मध्ये पडू नकोस. आपल्याला इथंच राहायचंय." माझा इतका संताप झाला की मी जेवले नाही. संताप कुणाचा, तर अध्यक्षांचा, ह्यांचा, सासूबाईंचा आणि खरं सांगायचं तर भाभीचाही. तिनं माझ्या गळ्यात हे घोंगडं अडकवलं म्हणून. ती रडली असती, हात जोडले असते, तर मी तिच्यासाठी वाघिणीसारखी उभी राहिले असते असं मला वाटलं. तिनं मला काही उपकार करायची संधीच ठेवली नव्हती. सरळ हिशोब मागितला होता: बोललात, आता परत घ्या.

रविवारी शेडमध्ये सगळी घरं जमली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. भाभी आणि तिचा नवरा मागं, लोखंडी खांबाशी उभे. कुणी बसा म्हटलं नाही. अध्यक्षांनी विषय काढला आणि भानामतीचं नावही न घेता म्हणाले, की चौथ्या घराचा व्यवहार गल्लीला न विचारता झाला, हौद बांधला तेव्हाच्या यादीत हे घर या नावानं नव्हतं, तेव्हा लाइनवर त्यांचा हक्क आहे का हे ठरवावं. किती सफाईनं! भानामती लोकांच्या डोक्यात होती, ती तोंडावर आणायची गरजच नव्हती.

भाभी पुढं झाली. अध्यक्ष म्हणाले, "भाभी, तुमच्या मालकाला बोलू द्या."

नवरा पहिल्यांदाच बोलला. "तीच बोलंल. घर तिच्या नावावर हाय. निकाहात मी तिला दिलेल्या मेहेरच्या पैशाचं अन् तिच्या शिलाईचं हाय ते."

सतरंजीवर कुजबुज झाली. यांच्या बायकांना काही किंमत नसते असं आम्ही सगळ्या जाणून होतो आणि आमच्या दहा घरांपैकी एकही घर बाईच्या नावावर नव्हतं. भाभीनं मात्र लाइनबद्दल काही म्हटलं नाही. ती फक्त म्हणाली, "ह्या बाईंना काहीतरी सांगायचंय."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी उठले. वाक्य तयार होतं, रात्रभर घोकलं होतं. 'मी तिला नमाज पढताना पाहिलं आणि तुम्हाला अर्धंच सांगितलं.' एवढंच. चौथीतलं पोर म्हणेल इतकं सोपं वाक्य. मी सासूबाईंकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. हे चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. चावी माझ्या हातातून घसरून खाली पडायला आली होती ती मी घट्ट धरली. उद्या ही चावी काढून घेतील, बाई खोटं बोलल्या म्हणतील, शाळेतही कळेल, हे सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं.

आणि मी म्हणाले, "त्या दिवशी ऊन फार होतं. मला नीट दिसलं नसेल कदाचित. त्यांच्यात तसं काही असतं म्हणे, मातीचं."

अध्यक्ष मायेनं हसले. "बाईंचं मन मऊ हाय." बायकाही हसल्या. एकीनं मला हाताला धरून खाली बसवलं.

भाभी आपल्या सोयगावच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नीट दिसलं नसंल? लई नीट दिसलं होतं तुम्हाला." तिनं नवऱ्याला खूण केली आणि दोघं निघाले. ठराव व्हायच्या आधीच गेले. हात वर झाले. आमच्या घराचा हात ह्यांनी वर केला.

चावी माझ्याकडे असल्यानं व्हॉल्व्ह मलाच बंद करावा लागला. चेंबरचं झाकण उघडून मी वाकले, तेव्हा ती दारात उभी होती, हाताची घडी घालून. आतून म्हातारी काहीतरी अस्पष्ट बोलत होती. मी चावी फिरवली.

"घट्ट करा चांगली," ती म्हणाली. "गळाया नको."

मी आणखी अर्धा आटा फिरवला.

पुढचे पंधरा-वीस दिवस तिचा नवरा टॉवरवरून येताना सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून पाणी आणायचा. पावसाआधीच त्यांनी घर विकलं. म्हातारीला खाटेसकट टेंपोत चढवलं, शिलाईमशीन चढवलं आणि गेले. कुठं गेले ते मी विचारलं नाही. मला ती बाई आवडत नव्हती आणि आजही, आठवली की, आवडत नाही. तिच्या जिभेला धार होती. पण आवडनिवडीचा इथं काही संबंधच नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. मी तिच्यावर माया करावी असं तिनं कधीच म्हटलं नव्हतं. मी जे पाहिलं ते तेवढंच सांगावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. त्यानंतर वर्गात भानामतीचा धडा आला की मी तो पोरांना नुसता वाचायला सांगते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. लाइन बंद केल्यानंतरचा पहिला मंगळवार. रात्री टँकर रिता झाला होता, सकाळी मी चावी घेऊन निघाले. पहिल्या घराला मी सवयीनं दहा मिनिटांनी हात घातला तेव्हा अध्यक्षीणबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अकरा, बाई. आता अकरा." मी घड्याळ पाहिलं, थांबले, अकराव्याला बंद केलं. दुसऱ्या घराला अकरा. तिसऱ्या घराला अकरा. चौथ्या घरासमोरून मी चेंबरकडे न बघता पुढं गेले. आमच्या घराची पाळी आली. सासूबाईंनी सगळे हंडे, कळशा, पिंपं ओळीनं लावून ठेवली होती. दहा मिनिटं झाली, माझा हात चावीवर होता. सासूबाई फाटकातून आनंदानं ओरडल्या, "आज छान धार आहे गं. राहू दे थोडं."

मी राहू दिलं.